मध्यमाला सा धरला की

कल्याण-शीळ रस्त्यालगतच्या वसाहतींमध्ये व्हायोलिन शिकवायचं तर दोन वह्या जवळ ठेवाव्या लागतात. एकीत सा-रे-ग-म, दुसरीत पाच रेघा. काही मुलं गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षांना बसतात, काही लंडनच्या ट्रिनिटीच्या ग्रेडना, आणि थोडी दोन्हीकडे. वाद्य एकच, पण एका तासाला ते मांडी घालून, डोकं घोट्याजवळ टेकवून वाजतं आणि पुढच्या तासाला उभं राहून, हनुवटीखाली धरून. या दोन तासांच्या मधल्या जागेत काम करताना एक मत पक्कं झालं आहे आणि ते इथे कारणांसह मांडायचं आहे. डोंबिवली, कल्याण, शीळ, मुंब्रा या पट्ट्यातल्या श्रोत्यासाठी पाश्चात्त्य ऑर्केस्ट्राचं सगळ्यात जवळचं दार कोणतं, असं विचारलं तर मोझार्ट किंवा बेथोवनच्या आधी मी स्कॉटलंडच्या चालींवर आणि स्कॉटलंडच्या आठवणींवर रचलेल्या संगीताचं नाव घेईन. मेंडेल्सोनचं 'हेब्रिडीज' ओव्हर्चर, मॅक्स ब्रुखची व्हायोलिन आणि ऑर्केस्ट्रासाठीची 'स्कॉटिश फँटसी', आणि मेंडेल्सोनचीच तिसरी सिम्फनी, अशी एक संध्याकाळ. मात्र हे दार धुक्याच्या आणि पडक्या किल्ल्यांच्या वर्णनाने उघडत नाही. ते उघडतं एकट्या व्हायोलिनच्या गाण्याने. आणि आत गेल्यावर जे खरोखर अनोळखी आहे ते श्रोत्याला आधीच, सरळ शब्दांत सांगावं लागतं.

आधी या रचनांबद्दल थोडं. फेलिक्स मेंडेल्सोन १८२९ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, कार्ल क्लिंगेमान या मित्राबरोबर स्कॉटलंडला गेला. एडिनबरामधल्या होलीरूड राजवाड्याच्या छप्पर उडालेल्या देवळात त्याला सिम्फनीची सुरुवात सुचली. ती सिम्फनी पुरी व्हायला मात्र १८४२ साल उजाडलं. पश्चिम किनाऱ्यावरच्या बेटांकडे जाताना त्याने घरी लिहिलेल्या पत्रात 'हेब्रिडीज'च्या आरंभाच्या ओळी स्वरांत लिहून पाठवल्या, आणि फिंगलची प्रसिद्ध गुहा त्याने पाहिली ती त्यानंतर. ब्रुखची गोष्ट याहून वेगळी. १८७९-८० च्या हिवाळ्यात बर्लिनमध्ये बसून त्याने फँटसी लिहिली, तोवर त्याने स्कॉटलंडमध्ये पाऊलही ठेवलं नव्हतं. त्याच्याकडे होतं ते पुस्तक: जेम्स जॉन्सनने १७८७ ते १८०३ या काळात सहा खंडांत छापलेला 'स्कॉट्स म्युझिकल म्युझियम' हा सहाशे गाण्यांचा संग्रह, ज्यासाठी कवी रॉबर्ट बर्न्सने वर्षानुवर्षं गाणी गोळा केली, दुरुस्त केली, नव्याने लिहिली. ब्रुखने यातल्या चाली घेतल्या, स्पॅनिश व्हायोलिनवादक पाब्लो द सारासाते याला रचना अर्पण केली, आणि शीर्षकातच कबूल केलं की स्कॉटिश लोकगीतांचा हा मोकळा वापर आहे. म्हणजे एकाने प्रदेश पाहिला आणि चाली जवळजवळ घेतल्याच नाहीत. दुसऱ्याने चाली घेतल्या आणि प्रदेश पाहिला नाही. इथल्या श्रोत्यासाठी दुसरा जास्त उपयोगाचा, असं माझं म्हणणं आहे.

त्याला आधार खुद्द युरोपातला आहे. रॉबर्ट शूमानसारख्या जाणत्या संगीतकाराने मेंडेल्सोनच्या तिसऱ्या सिम्फनीवर लिहिताना तिला इटलीच्या आठवणींची सिम्फनी समजून लिहिलं, आणि त्यात त्याला इटली दिसलीही. शूमानचा कान कच्चा होता असं कोणी म्हणणार नाही. यातून निघतं ते एवढंच की धुकं, समुद्र, भग्न देऊळ ही चित्रं सुरांत मुळातून बसलेली नसतात. सांगणाऱ्याने सांगितली की ऐकणाऱ्याला दिसतात. ऑर्केस्ट्राच्या कार्यक्रमपत्रिकांमध्ये मात्र बहुतेक जागा याच चित्रांना दिलेली असते. ज्याने लाटांवर हेलकावणारी ती बेटं कधी पाहिलेली नाहीत, ज्याच्या कल्पनेत पाऊस म्हणजे मलंगगडावर उतरणारे ढग, त्याला ही पत्रिका आधीच सांगून टाकते की हे संगीत दुसऱ्या कोणाच्या आठवणींचं आहे. त्याऐवजी त्याला मूळ चाल द्यावी. चाल कोणाच्या मालकीची राहत नाही, ती ऐकता ऐकता तोंडात बसते.

चाल का बसते, याचं कारण तिच्या बांधणीत आहे. स्कॉटलंडच्या जुन्या गाण्यांपैकी पुष्कळ पाच सुरांची आहेत. 'ऑल्ड लँग साइन' हे सगळ्यात परिचित उदाहरण. मंद्र पंचमावरून षड्जावर येऊन ते सा, रे, ग, प, ध या पाचांतच फिरतं. महाराष्ट्रात हे गाणं परदेशी नाताळाच्या सिनेमांपुरतं मर्यादित नाही. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत दीक्षान्त संचलनाच्या शेवटी छात्र संथ पावलांनी 'अंतिम पग' ओलांडतात ते याच चालीवर. रवींद्रनाथांनी तर या चालीवर बंगाली शब्द बसवून ती आपलीशी केली. व्हायोलिनच्या वर्गात भूप शिकत असलेल्या मुलांना ही चाल दिली की दोनदा ऐकून ती वाजवू लागतात. पाच रेघांच्या वहीची गरज लागत नाही. मेंडेल्सोनच्या सिम्फनीचा दुसरा भागही असाच. तिथे क्लॅरिनेट जी नाचरी धून वाजवतो ती पाच सुरांचीच आहे, आणि तिच्यात आधी आखूड मग लांब असा जो झटका येतो तो स्कॉटिश नाचांचा खास झटका. मेंडेल्सोन त्याच १८२९ च्या प्रवासात लोकसंगीताच्या नावाने चिडून पत्रं लिहीत होता, तरी तेरा वर्षांनी त्याच्या लेखणीतून हे उतरलंच.

इथे शास्त्रीय संगीत शिकलेला वाचक लगेच हरकत घेईल, आणि ती हरकत खरी आहे. सूर सारखे म्हणजे राग सारखा नव्हे. भूप आणि देशकार या दोघांत तेच पाच सूर आहेत, पण एकात गंधार बोलतो, दुसऱ्यात धैवत. एक रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, दुसरा सकाळचा. त्या हिशोबाने 'ऑल्ड लँग साइन' ना भूप ना देशकार. मी ते पूर्णपणे मान्य करतो. स्कॉटिश चालीला चलन नाही, वादी-संवादी नाही, आणि तिच्यातून राग वाढवायचा प्रयत्न केला तर ती हातात तुटते. माझा दावा रागाचा नाहीच, कानाचा आहे. या पाच सुरांचा षड्ज बदलत नेला की मध्यमाद सारंग, मालकंस, दुर्गा, धानी हाती लागतात, हे मूर्च्छनेचं गणित आपल्याकडे विद्यार्थ्यालाही माहीत असतं. स्कॉटलंडच्या चालींतही हाच खेळ आहे: एक चाल मेजरसारखी वाटते, शेजारची दुर्गासारखी, तिसरी धानीच्या जवळची. ज्या कानाने हे पाच सूर पाच तोंडांनी ओळखले आहेत त्याला या चाली नवख्या लागत नाहीत. ओळख उंबरठ्यापर्यंत नेते. पुढे जायचं की नाही ते वेगळं.

उंबरठ्यावर उभं राहून हात धरणारा मात्र आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या तयार झालेला आहे, आणि तो म्हणजे गाणारं व्हायोलिन. प्रभाकर जोगांनी हेच नाव आपल्या वादनाला दिलं. 'गीत रामायणा'च्या वेळी सुधीर फडक्यांसोबत काम केलेल्या या वादकाने भावगीतं व्हायोलिनवर अशी वाजवली की ऐकणाऱ्याला शब्द ऐकू यावेत. त्यांच्या अलीकडे-पलीकडे गजाननबुवा जोशी, वि. गो. जोग, गोव्याचे श्रीधर पार्सेकर, डी. के. दातार अशी माणसं आहेत, ज्यांनी हे युरोपीय वाद्य गळ्याच्या मागे चालायला लावलं. गजाननबुवा ख्यालगायक आणि व्हायोलिनवादक दोन्ही होते, आणि त्यांचं उत्तरायुष्य डोंबिवलीत गेलं. शीळफाट्यापासून काही मैलांवर. त्यामुळे या भागातल्या श्रोत्याला व्हायोलिन दिसलं की तो गाण्याची वाट पाहतो. सिम्फनीत त्याची निराशा होते, कारण तिथे तीस व्हायोलिनं एकत्र वाजतात आणि गळा कोणाचाच नसतो. ब्रुखमध्ये निराशा होत नाही. फँटसीची सुरुवात जड, काळ्या सुरांत होते. पितळी वाद्यं आणि हार्प यांच्या पार्श्वभूमीवर व्हायोलिन एकटं, जवळजवळ बोलल्यासारखं, लयीत न अडकता आत येतं. हा आलाप नाही, कारण एकेक सूर लिहिलेला आहे. पण आलाप ऐकायची सवय असलेल्या माणसाला इथे काय करायचं ते सांगावं लागत नाही: तो गप्प बसून वाट पाहतो. मग चाल येते, आणि ती खरोखर गाणं असते, शब्द काढून घेतलेलं गाणं. गाणारं व्हायोलिन याहून वेगळं काय असतं?

धरलेल्या सुराबद्दलही इथेच बोलायला हवं. बॅगपाइपला चाल वाजवणारी एक नळी असते आणि अखंड घुमणाऱ्या तीन नळ्या. हवा पिशवीतून येत असल्याने सूर तुटत नाही, म्हणून एकच सूर दोनदा वाजवायचा तर मध्ये दुसऱ्या सुराची टिचकी द्यावी लागते. सनईच्या जोडीला सूर धरणारा बसलेला ज्याने लहानपणापासून लग्नात पाहिला आहे, त्याला यात नवल काही नाही. फँटसीच्या दुसऱ्या भागात, 'डस्टी मिलर' या नाचऱ्या चालीच्या खाली, ब्रुख खर्जाच्या वाद्यांकडून षड्ज-पंचमाची जोडी धरून ठेवतो. तो पाइपची नक्कल करतो आहे. आपल्याला तंबोरा ऐकू येतो. दोन्ही ऐकणं बरोबर आहे.

आता जे अनोळखी आहे त्याकडे. शिकवण्याच्या कामात सगळ्यात चिवट अडचण बोटांची नसते, गजाची नसते, ती कानाची असते: चाल वाजत असताना खाली जे हलतं ते ऐकू न येण्याची. हिंदुस्थानी पद्धतीत आपण व्हायोलिनच्या तारा सा-प-सा-प अशा मिळवतो. खुली तार म्हणजे षड्ज किंवा पंचम, आणि त्या तारा आपण वाजवत असलेल्या प्रत्येक सुराखाली झणत राहतात. म्हणून आपला षड्ज घराच्या जोत्यासारखा पक्का. पाश्चात्त्य वादक चार तारा कायमच्या ठरावीक सुरांत ठेवतो, एकमेकींपासून पंचमाच्या अंतरावर, आणि कोणत्याही सुराला घर मानायला मोकळा राहतो. त्याचा षड्ज तारेत नसतो, तो ऑर्केस्ट्राच्या खर्जात असतो, आणि तो सरकतो. तंबोऱ्यावर वाढलेल्या माणसाला हे सरकणं ऐकू येत नाही, कारण न हलणाऱ्या गोष्टीकडे लक्ष ठेवायची त्याला कधी गरज पडलेली नसते. त्याला मग ऑर्केस्ट्रा म्हणजे चालीभोवतीची भरणी वाटते, आणि दहा मिनिटांत कंटाळा येतो. याला तो दोषी नाही. त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

सांगायला स्कॉटिश फँटसी फार सोयीची आहे, आणि इथेच माझ्या म्हणण्याचा कणा आहे. आपल्या पेटीच्या भाषेत बोलायचं तर रचना काळी दोनमध्ये सुरू होते, कोमल गंधार घेऊन. चाल येते तेव्हा षड्ज तोच राहतो, काळी दोनच, फक्त गंधार शुद्ध होतो. कोमलाचं शुद्ध होणं म्हणजे काय हे इथल्या कोणत्याही रसिकाला शिकवायला नको. उजेड झाल्यासारखं त्याला आपोआप जाणवेल. दुसऱ्या भागात षड्ज उचलून पांढरी पाचवर जातो, म्हणजे मूळच्या शुद्ध गंधारावर. तिसऱ्या भागात तो काळी चारवर येतो, म्हणजे मूळच्या मध्यमावर. आणि चौथ्यात परत काळी दोनवर घरी. तिसरा भाग ज्या गाण्यावर उभा आहे ते जॉनीच्या विरहात खंगणाऱ्या मुलीचं आहे. विरहाचं गाणं मध्यमाला सा धरून! ठुमरी, पहाडी, मांड, भजन गाणाऱ्यांची ही नेहमीची रीत आहे: खालचा तंबोरा तसाच ठेवून मध्यमाला षड्ज मानायचा आणि गाणं मऊ करायचं. ब्रुखला आपली रीत माहीत असण्याचं कारण नाही आणि कारणंही एकसारखी नाहीत. आपल्याकडे जुना षड्ज खाली वाजत राहतो, त्याच्याकडे तो नाहीसा होतो आणि आठवणीतच उरतो. पण मध्यमाकडे वळलं की सूर सैल होतो, हा अनुभव दोन्हीकडे एकच आहे. एखाद्या निवेदकाने पेटी पुढ्यात घेऊन पाच मिनिटांत हे चार मुक्काम वाजवून दाखवले, काळी दोन, पांढरी पाच, काळी चार, काळी दोन, तर श्रोत्याच्या हाती त्या अर्ध्या तासाचा नकाशा येतो. होलीरूडच्या वर्णनाने तो येत नाही.

यावर उलट प्रश्न येईल की असं आपल्या मापाने मोजून ऐकलं तर ते पाश्चात्त्य संगीत उरतं का. पाश्चात्त्य संगीताचा गाभा सुरावटींच्या मेळात, हार्मनीत आहे. पेटीवरचे चार षड्ज दाखवून तो हाती येणार नाही. बरोबर आहे. एकच सूर वर लांबवून धरलेला असताना खाली स्वरसंघ, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, बदलले की त्या सुराचा भाव बदलतो, हे पेटीवर थोडंसं दाखवता येतं, पण त्याची चव अंगात मुरायला वर्षं लागतात. मी एवढंच म्हणेन की सुरुवात कुठून तरी करावी लागते आणि ती कानाला आधीपासून ठाऊक असलेल्या गोष्टीपासून केली तर टिकते. वर्गात दिसतं ते असं: ज्या मुलाला स्वरसंघांची नावं आधी पाठ करायला लावली त्याला ती परीक्षेपर्यंत येतात. ज्याला ओळखीच्या भुपाच्या चालीखाली खर्जाचा सूर बदलून ऐकवला, तो स्वतःहून विचारतो की आता काय झालं. तो प्रश्न पडला की पुढचा रस्ता पुस्तकांतही सापडतो.

दुसरी हरकत अधिक गंभीर आहे आणि तिला टाळून पुढे जाणं योग्य होणार नाही. बॅगपाइप आपल्या सैन्यात आला तो राज्यकर्त्यांच्या पलटणींबरोबर. १८१७ मध्ये पुण्याच्या दरबारी इंग्रजांचा रेसिडेंट असलेला आणि पेशवाई बुडवण्यात पुढे असलेला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन स्कॉटच होता. ऑर्केस्ट्रा इथे आला तो साहेबांच्या क्लबांमधून, आणि आजही त्याची मैफल म्हणजे दक्षिण मुंबईतल्या मूठभर लोकांची संध्याकाळ, असं बोललं जातं; ते अगदीच चुकीचं नाही. मग शीळफाट्याच्या माणसाने ही हौस का करावी? पहिलं उत्तर असं की ज्या चालींबद्दल आपण बोलतो आहोत त्या राज्यकर्त्यांच्या नाहीत. बर्न्स शेतकऱ्याचा मुलगा, त्याने गोळा केलेली गाणी गिरणीवाल्यांची, मेंढपाळांची, नोकरीला गेलेल्या मुलांच्या आयांची. फँटसीच्या शेवटच्या भागातली रणधून 'स्कॉट्स व्हा हे' तर इंग्लंडच्या राजाविरुद्ध लढलेल्या रॉबर्ट ब्रूसच्या तोंडी घातलेल्या गाण्याची. दुसरं उत्तर आपल्या घरातलं आहे. मराठी संगीत नाटकाने पाश्चात्त्य ऑर्गन रंगभूमीच्या पिटात आणून बसवला आणि त्याच्या सुरात बालगंधर्वांचं गाणं एका पिढीने ऐकलं. हार्मोनियमवर आकाशवाणीने १९४० पासून तीस वर्षं बंदी घातली, ती श्रुतींच्या शुद्धतेसाठी. तरी वारकऱ्याच्या भजनातून तिला कोणी हलवू शकलं नाही. वाद्य कोणत्या वाटेने आलं हा इतिहास विसरू नये. पण ते कोणाच्या हातात आहे, हे आपण ठरवतो.

आणि हात तर इथे होतेच. गोव्याच्या चर्चच्या शाळांमधून व्हायोलिन आणि स्वरलेखन शिकलेली माणसं मुंबईत आली. मेहली मेहतांनी १९३५ साली उभारलेल्या बॉम्बे सिम्फनीपासून सिनेमाच्या रेकॉर्डिंग स्टुडिओपर्यंत ती पोचली. मजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विसांनी १९५८ मध्ये इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा नावाने मोठा वाद्यवृंद उभा केला, आणि त्यात लता मंगेशकर व मन्ना डे गायले. प्यारेलाल हे त्यांचे शिष्य. सेबॅस्टियन डिसूझांनी शंकर-जयकिशनच्या गाण्यांत व्हायोलिनांच्या ज्या लाटा उभ्या केल्या, अनिल मोहिलेंनी मराठी भावगीतांच्या मागे जे तंतुवाद्यांचं अस्तर लावलं, ते डोंबिवलीच्या चाळीतल्या रेडिओवर रोज वाजलं आहे. म्हणजे ऑर्केस्ट्रा ऐकायची सवय नाही, हे म्हणणं टिकत नाही. सवय आहे, फक्त ती गाण्याच्या मागे बसलेल्या ऑर्केस्ट्राची आहे. ब्रुखच्या फँटसीत गाणं आणि ऑर्केस्ट्रा यांचं हे नातं जवळपास तसंच राहतं, म्हणून त्या संध्याकाळचा मुख्य मान मी तिला देतो आणि दोन्ही मेंडेल्सोन तिच्यानंतर.

व्यवहाराच्या हरकती उरतात, त्या लहान नाहीत. २००६ मध्ये नरिमन पॉइंटच्या एनसीपीएने खुश्रू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव यांच्या पुढाकाराने सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया स्थापन केला. झाकिर हुसेन यांचं तबला आणि ऑर्केस्ट्रासाठीचं 'पेशकार' याच वाद्यवृंदाने करवून घेतलं आणि परदेशी नेलं. शीळफाट्यापासून ते सभागृह चाळीसेक किलोमीटरवर. कागदावर हे अंतर मोठं नाही. पण फाट्यावर महापे, मुंब्रा, पनवेल आणि कल्याणकडची वाहनं एकमेकांत शिरतात, न्हावा-शेव्याचे कंटेनर भिवंडीकडे निघालेले असतात, आणि मैफल संपवून लोकलने दिव्याला किंवा डोंबिवलीला उतरून पुन्हा रिक्षा शोधायची तर मध्यरात्र होते. लहान मुलांना घेऊन हे कोणी करत नाही, आणि मुलं आली नाहीत तर श्रोता तयार होत नाही. वांद्रे-कुर्ला संकुलापासून शीळफाट्यापर्यंत बुलेट ट्रेनसाठी २१ किलोमीटरचा बोगदा ठरला आहे, त्यातले ७ किलोमीटर ठाण्याच्या खाडीखालून. एवढं खोदणं ज्या पट्ट्यासाठी शक्य मानलं जातं, त्या पट्ट्यात अख्ख्या वाद्यवृंदाला बसमधून आणणं अशक्य मानायचं कारण मला सापडत नाही.

सभागृहं आहेत: ठाण्याचं गडकरी रंगायतन आणि घाणेकर नाट्यगृह, डोंबिवलीचं सावित्रीबाई फुले, कल्याणचं आचार्य अत्रे रंगमंदिर. अडचण अशी की ती नाटकासाठी बांधलेली आहेत. नाटकाला शब्द स्पष्ट हवा म्हणून आवाज लवकर विझावा लागतो. पडदे, विंगा आणि रंगमंचावरची उंच पोकळी तो पिऊन टाकतात. ऑर्केस्ट्राला आवाज थोडा रेंगाळायला हवा. त्यावर सोपा उपाय म्हणून प्रत्येक वाद्याला माइक लावला जातो, आणि तिथेच सगळं बिघडतं, कारण स्पीकरमधून आलेल्या आवाजात एकटं व्हायोलिन आणि तीस व्हायोलिनं एकाच ठिकाणाहून, एकाच जाडीने ऐकू येतात. ब्रुखचा सगळा डाव या फरकावर आहे. माइक न लावता, वादकांच्या मागे आणि वर लाकडी फळ्यांचा आडोसा करून, पंखे बंद ठेवून वाजवावं. आवाज लहान लागेल. पण या भागातल्या गायन समाजांच्या आणि संगीत मंडळांच्या बैठकींत लोकांनी लहान आवाज कान देऊन ऐकलेला आहे, आणि दिवाळी पहाटेला फडके रोडवर जमणारी गर्दी पाहिली की इथे गाण्यासाठी पहाटे उठणारी माणसं आहेत याबद्दल शंका उरत नाही. लोक येणार नाहीत असं ज्यांना वाटतं त्यांनी हे आधी करून पाहायला हवं; आजवर या पट्ट्यात लोकांना न येण्याची संधीच मिळालेली नाही.

क्रमाबद्दल माझा आग्रह आहे. प्रथेप्रमाणे ओव्हर्चर आधी, मग एकल वादन, मध्यंतरानंतर सिम्फनी. इथे पहिला मान चालींना द्यावा. एखाद्या गायिकेने फँटसीतल्या चारही चाली नुसत्या आकारात, पेटीच्या साध्या साथीवर गाव्यात. शब्द नकोत, भाषांतर नको. लोकांनी हवं तर सोबत गुणगुणावं. मग निवेदकाने काळी दोन ते काळी चार हा प्रवास वाजवून दाखवावा, आणि त्यानंतर फँटसी. हार्पवाल्याला रंगमंचावर पुढे, व्हायोलिनवादकाच्या शेजारी बसवावं, कारण ब्रुखने शीर्षकात हार्पचं नाव वेगळं काढून लिहिलं आहे आणि स्वरमंडळ मांडीवर घेतलेला गायक पाहिलेल्या लोकांना ही जोडी दिसायलाही हवी. मेंडेल्सोनची बेटं आणि त्याचं पडकं देऊळ मध्यंतरानंतर.

चाली आधी गाऊन घेण्याला एक खास कारण आहे. ब्रुख पहिल्या भागातली संथ चाल दोनदा परत आणतो. एकदा दुसऱ्या भागाचा नाच ओसरताना, मध्यमाकडे वळण्याआधी, जणू घरची आठवण यावी तशी. दुसऱ्यांदा अगदी शेवटी, जेव्हा रणधून पूर्ण जोरात आलेली असते, व्हायोलिन दोन-दोन, तीन-तीन तारा एकदम ओढत असतं आणि सगळ्यांना वाटतं की आता संपलं. तिथे तो सगळं थांबवतो आणि ती चाल पुन्हा, हळू आवाजात, व्हायोलिनच्या तोंडी देतो. ज्याने ती एकदाच ऐकली आहे त्याला तो फक्त एक शांत तुकडा वाटतो. ज्याने ती तासाभरापूर्वी स्वतः गुणगुणलेली असते त्याचे ओठ तिथे हलू लागतात.